माहितीकोश सुरू होत नाही तेव्हा

संगणकावरील माहितीकोश, म्हणजेच डेटाबेस, एखाद्या सकाळी सुरूच होत नाही, तेव्हा कार्यालयात पहिली शंका येते ती नोंदी नष्ट झाल्याची. या शंकेपोटी नोंदींचे फोल्डर पुसून नव्याने उभारणी केली जाते आणि शाबूत असलेले दप्तर हातचे जाते.

‘मायएसक्यूएल’चेच उदाहरण घ्यावे. लिनक्सवर तो ‘लिबएआयओ’ या छोट्या लायब्ररीवर विसंबतो. ती नसेल तर मुख्य आज्ञावली उभीच राहत नाही. नोंदींपर्यंत पोचण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. साहजिकच तिच्या दोष-नोंदवहीत एक ओळही उमटत नाही, आणि शोधणारा नेमका तेथेच चकतो. श्रोत्यांनी ध्यानी घ्यावे की, अशा वेळी ‘एलडीडी’ ही आज्ञा द्यावी; कोणती लायब्ररी सापडत नाही, हे ती सांगते. तिचे पॅकेज बसविले की बहुधा काम भागते.

२०२४ च्या उबुंटू २४.०४ मध्ये मात्र निराळाच पेच निघाला. ३२ बिटांची कालगणना २०३८ मध्ये संपणार, म्हणून केलेल्या फेरबदलांत अनेक पॅकेजांची नावे बदलली. लिबएआयओच्या नावाला ‘टी६४’ हे शेपूट लागले. लायब्ररी जागेवर असते, पण जुन्या नावाच्या हाकेला ओ देत नाही! जुन्या नावाचा दुवा तिला जोडला की माहितीकोश पूर्वीच्या सर्व नोंदींसह उघडतो.