लहान राष्ट्राचा दूत : जोसे रामोस-होर्ता



युद्ध थांबले की सारे संपले, असे आपणांस वाटते. परंतु उद्ध्वस्त देशाची खरी कसोटी त्यानंतर लागते. अशा एका देशाचे दूत जोसे रामोस-होर्ता यांच्या कार्याचा परिचय मी आज करून देणार आहे.

आग्नेय आशियातील पूर्व तिमोर ही पोर्तुगालची वसाहत. २८ नोव्हेंबर १९७५ रोजी तेथे स्वातंत्र्य घोषित झाले आणि अवघ्या नऊ दिवसांत इंडोनेशियाचे सैन्य घुसले. पंचवीस वर्षांचे परराष्ट्रमंत्री होर्ता नुकतेच देशाबाहेर पडले होते. त्याच महिन्यात ते संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे उभे राहिले. सैन्य मागे घ्यावे असा ठराव परिषदेने एकमताने केला. तो कागदावरच राहिला. पुढे पाठिंबाही आटला. १९८२ साली आमसभेत ठरावाच्या बाजूने ५० व विरुद्ध ४६ मते पडली. ५० देश तटस्थ राहिले.

पाठीशी सत्ता नाही, पैसा नाही. तरीही परदेशात राहून त्यांनी हेग येथे आंतरराष्ट्रीय कायद्याचा अभ्यास केला, अनेक भाषांतून आपली बाजू मांडली. १९९६ साली बिशप बेलो यांच्यासह त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याचा कौल दिला. त्यावर चिडलेल्या सशस्त्र टोळ्यांनी गावेच्या गावे जाळली. अखेर २० मे २००२ रोजी देश स्वतंत्र झाला आणि होर्ता पुन्हा परराष्ट्रमंत्री झाले.

आता शेजारी तोच, ज्याच्या सैन्याने चोवीस वर्षे देश दाबून ठेवला. सत्यशोधन आयोगाच्या अंदाजानुसार १९७४ ते १९९९ या काळात संघर्षामुळे किमान १,०२,८०० माणसे दगावली. होर्ता यांनी आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाचा आग्रह सोडून मैत्रीचा मार्ग धरला. २००५ मध्ये दोन्ही देशांनी संयुक्त आयोग नेमला. त्याच्या २००८ च्या अहवालात इंडोनेशियाच्या शासकीय संस्थांवर जबाबदारी ठेवली गेली. त्या अहवालामुळे शिक्षा मात्र कोणालाच झाली नाही. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष होर्ता यांच्यावर स्वदेशी बंडखोरांनी गोळ्या झाडल्या. २०१० साली त्यांनी त्या बंडखोरांचीही शिक्षा कमी केली.

मित्रहो, स्वतःच्या जखमेबद्दल क्षमा करण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. पण ज्या मातेचा मुलगा गेला, तिच्या वतीने क्षमा कोणी करावी? मानवी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी हाच प्रश्न विचारला. दुसरीकडे, शेजाऱ्याशी वैर घेऊन हा गरीब देश उभा राहिला असता काय, हाही प्रश्न आहेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो 'आसियान'चा अकरावा सदस्य झाला. तेथे निर्णय सर्वसहमतीने होतात. म्हणजे इंडोनेशियाची संमतीही आलीच.

विद्यार्थ्यांनी या जीवनातून अभ्यासाची चिकाटी घ्यावी. त्याचबरोबर, समेट झाला तरी न्यायाची बाकी शिल्लक राहू शकते, हेही ध्यानी ठेवावे.