चित्राखाली नाव कोणाचं?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात एका चित्रकार मैत्रिणीनं केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



भाषणाची मला सवय नाही. चित्रं काढायची आणि गप्प बसायचं, हीच आजवरची रीत. पण तुम्ही 'अलीकडे काय केलंस ते सांग' म्हणालात, म्हणून आले. चित्रं मागच्या दोरीवर चिमट्यांनी लावली आहेत. चहाच्या वेळी जवळ जाऊन बघा.

आधी ती दहा लहान चित्रं. त्या मालिकेला मी 'दुपार' म्हणते. सगळ्या चित्रांत बायका झोपलेल्या आहेत. कुणी फरशीवर हाताची उशी करून, कुणी निवडायच्या भाजीशेजारी भिंतीला टेकून. आपल्याकडे चित्रातली बाई घागर घेऊन येते, दिवा लावते, दारात वाट बघते. थकून झोपलेली बाई मात्र फारशी दिसत नाही. माझी मावशी ही चित्रं पाहून म्हणाली, "अगं, दुपारची लोळणारी बाई काय भिंतीवर लावायची?" ती स्वतः पहाटे पाचला उठते आणि दुपारी कुणी आलं की डुलकी लागलीच नव्हती असं दाखवते.

यातल्या एका चित्रात फक्त पाठ दिसते. आमच्या इमारतीत चार घरच्या पोळ्या करणाऱ्या बाईंची ती पाठ. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, मला काढा, पण झोपलेली म्हणून ओळखू येऊ देऊ नका. घरी कळलं तर म्हणतील, कामाला जाते की झोपायला?" म्हणून चेहरा नाही. बघणाऱ्यांना वाटतं, ही चित्रकाराची काहीतरी शैली असेल. तसं नाही. ती त्या बाईंची अट आहे.

आता भिंतीबद्दल. २०२२ साली पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेची बाहेरची भिंत रंगवायचं काम मिळालं. तीस फूट लांब, दहा फूट उंच. लोकांना वाटतं, भिंतीवर चित्र म्हणजे मोठा ब्रश घ्यायचा आणि सुटायचं. निम्मे दिवस भिंत तयार करण्यात जातात. खालून ओल चढलेली, लोणा लागलेला. पोपडे खरवडायचे, भेगा भरायच्या, वाळू द्यायचं, मग प्रायमर. नंतर कागदावरच्या चित्रावर चौकोन आखायचे, तेवढेच मोठे करून भिंतीवर आखायचे आणि एकेक चौकोन उतरवायचा. हे आखायचं काम सातवीच्या मुलींनी केलं. परांचीवर मात्र त्यांना चढू देईनात. 'मुली पडतील' म्हणे. मुलगे पडले तर चालणार होतं बहुधा!

तिसऱ्या दिवशी पाड्यावरची एक म्हातारी वारली बाई येऊन बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "ताई, आमी पन लिवतो." ती लग्नातला चौक लिहिणारी होती. तुम्हाला ठाऊक असेल, वारल्यांमध्ये लग्नाचा चौक परंपरेनं सवाशिणी लिहीत आल्या. सारवलेल्या, गेरू लावलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी टोकाशी चेचून केलेला ब्रश आणि मधोमध पालघट देवी. चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे बाईचा हात लागल्याशिवाय लग्न नाही, पण त्या हाताचं नाव कुठं लिहिलेलं नाही. १९७०च्या दशकात ही कला कागदावर आली, बाजारात आली. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा हात थोरच होता, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण भिंतीवर होती तोवर ती बायकांची रीत होती, आणि कागदावर येऊन तिच्याखाली सही झाली तेव्हा सहीत बहुतेक पुरुषांचीच नावं आली, हेही खरं आहे. त्या आजींना मी भिंतीचा डावा कोपरा दिला. चौकोन न आखता त्यांनी अशी सरळ रेघ ओढली की माझी मला लाज वाटली.

माझ्या चित्रात पाणवठ्यावरून घरी येणारं एक कुटुंब होतं. बाईच्या डोक्यावर लाकडाची मोळी, पुरुषाच्या डोक्यावर हंडा. गावातली चार कर्ती माणसं आली. "बाप्याच्या डोक्यावर हंडा? मुलं हसतील." दोन दिवस चर्चा झाली. काम अर्धवट राहील, मुली हिरमुसतील, असा विचार करून मी हंडा डोक्यावरून काढला आणि त्याच्या खांद्यावर कावड दिली. कावड मर्दानी असते म्हणे. तुमच्यापुढे कबूल करते, मी माघार घेतली. अजूनही ती कावड माझ्या डोळ्यांत खुपते.

आणि ती कावडही राहिली नाही. पुढच्या वर्षी त्या भिंतीवर चुना फिरवून एका योजनेची जाहिरात रंगवली. मला कुणी कळवलंसुद्धा नाही. शाळेतल्या बाईंचा फोन आला तेव्हा समजलं. मी म्हटलं, भिंत त्यांची, मी काय बोलणार? नंतर एका वकील मैत्रिणीनं अमरनाथ सहगल यांचा खटला सांगितला. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं १४० फूट लांबीचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ साली दुरुस्तीच्या वेळी उखडलं, त्याचे तुकडे झाले. ते कोर्टात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयानं सरकारला उरलेले तुकडे परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं ५७वं कलम म्हणतं की काम विकलं तरी त्यावर आपलं नाव असण्याचा आणि आपली अब्रू जाईल अशी त्याची मोडतोड थांबवण्याचा हक्क कलावंताकडेच राहतो. पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि माझ्या हातात तर कामाचं साधं पत्रही नव्हतं. सगळं 'ताई, तुम्ही करा हो' यावर झालेलं!

पुस्तकातल्या चित्रांचीही तीच कथा. मुलांच्या गोष्टीची संहिता येते, सोबत सूचना : आई स्वयंपाकघरात, बाबा वर्तमानपत्र वाचताना. गोष्टीत याचा काही संबंध नसतो, सवयीनं लिहिलेलं असतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आईवडील मिळून भाजी निवडताना दाखवले, तेव्हा त्याची बातमी झाली. वडिलांनी भाजी निवडणं ही बातमी होते, यातच सगळं आलं. हल्ली मी भांडत नाही. बाबांच्या हातात वर्तमानपत्र देते आणि त्यावर निवडायला मेथीची जुडी ठेवते. कधी चालतं, कधी परत येतं.

शेवटी एक गोष्ट तुमच्याबद्दल, म्हणजे आपल्याबद्दल. चळवळीतली जुनी पोस्टर्स आठवा. हुंड्याविरुद्धची, दारूविरुद्धची. त्यातल्या कितींवर काढणारीचं नाव होतं? आपण म्हणायचो, हे सगळ्यांचं काम आहे. ते खरंच होतं. पण 'सगळ्यांचं' म्हणत म्हणत चौक लिहिणारीचं नाव जसं गेलं, तसं आपणही आपल्या बायकांचं घालवलं. तेव्हा पुढचं पोस्टर छापाल तेव्हा खाली बारीक अक्षरात का होईना, नाव टाका. आणि पैसे आधी ठरवा. मैत्रिणीकडून फुकट करून घेऊ नका.

त्या शाळेतल्या बाईंनी पुन्हा बोलावलं आहे, या वेळी आतली भिंत. मी पत्र पाठवलंय : न विचारता पुसायचं नाही, मुली परांचीवर चढतील, आणि खाली सगळ्यांची नावं येतील. पहिलं नाव आजींचं. हंडाही मी डोक्यावरच काढणार आहे. उत्तर अजून आलेलं नाही. आलं की तुम्हाला कळवीन.