कान खरं सांगतो का?

(मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात, बर्मिंगहॅम येथे केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा मुद्दामच फारशी बदललेली नाही.)



फराळ आणि गाण्याचा कार्यक्रम यांच्या मधली पंधरा मिनिटं कार्यकारिणीने मला दिली आहेत. म्हणजे भुकेल्या लोकांसमोर विज्ञान! तेव्हा सुरुवात घरच्या भांडणानेच करतो.

आमच्या घरी दोन वाद बरीच वर्षं चालू होते. पहिला माझ्यामुळे. मला जुन्या रेकॉर्ड ऐकायचा नाद आहे. एकदा मी स्पीकरला जोडायची जाडजूड, महागडी वायर आणली. जोडली, डोळे मिटून बसलो आणि हिला म्हणालो, "बघ, तबल्याची थाप कशी मोकळी झाली!" ही म्हणाली, "मोकळा झालाय तो तुमचा खिसा."

दुसरा वाद तिच्यामुळे. ती लहानपणापासून तानपुऱ्यावर गाणं शिकलेली. इथे मुलगी इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर सरगम घोटायला लागली, तेव्हा हिचं रोजचं पालुपद, "या डब्याने पोरीचा गंधार बिघडणार." मी हसायचो. शेवटी मुलगीच म्हणाली, "आई, बाबा, तुम्ही दोघं नुसतं भांडता. टेस्ट का करत नाही?"

बरोबर होतं तिचं. पण टेस्ट करायची कशी, हाच खरा प्रश्न आहे. आपल्या लोकांनी तो फार पूर्वी अनुभवलाय.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. हिंदुस्थानी सप्तकातल्या बावीस श्रुती मोजून दाखवायच्या, असा त्यांनी ध्यास घेतला आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची त्यांना मदत होती. क्लेमेंट्स नावाचे इंग्रज अधिकारीही या कामात ओढले गेले आणि श्रुती वाजवणारी खास हार्मोनियम तयार झाली. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित भातखंडे तिचे सूत्रधार. तिथे या पेटीचं प्रात्यक्षिक झालं, गवयांच्या गळ्याशी तिची तुलना झाली आणि पेटी काही परिषदेला मान्य झाली नाही.

कोण बरोबर होतं, हा आजचा विषय नाही. पण ती सभा डोळ्यांपुढे आणा. पेटी कोणाची आहे ते सर्वांना ठाऊक, कोणता गवई गातोय ते दिसतंय, कोण कोणत्या बाजूचा तेही माहीत. अशा वेळी कान एकटा ऐकत नाही. त्याच्याबरोबर डोळे ऐकतात, मान-अपमान ऐकतो आणि आधी जाहीर केलेलं मतही ऐकतं. यात कोणी खोटारडा नसतो. मला त्या वायरमधून थाप खरोखरच मोकळी ऐकू आली होती. फक्त ती वायरमधून आली की पावतीवरच्या आकड्यातून, हे मला कळायला मार्ग नव्हता.

यावर उपाय याच देशात, चहाच्या कपात सापडला! रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३५ च्या आपल्या पुस्तकात एका बाईंचं उदाहरण दिलं आहे. कपात दूध आधी घातलं की चहा, हे चवीवरून ओळखते, असा त्यांचा दावा. फिशर म्हणतो, आठ कप करा, चार असे नि चार तसे, आणि क्रम न सांगता द्या. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर यायची शक्यता सत्तरात एक. म्हणजे बाईंना खोटं ठरवायचं नाही की डोक्यावर घ्यायचं नाही. त्यांना खरं ठरायची रास्त संधी द्यायची.

हीच पद्धत आपल्याकडे डॉ. जयंत नारळीकरांनी फलज्योतिषाला लावली. २००८ साली पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर आदी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी २०० पत्रिका घेतल्या. १०० हुशार विद्यार्थ्यांच्या, १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून उत्तरं पाठवली. सरासरी बरोबर उत्तरं ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासाच्या आसपास आली असती.

आणि नावाची जादू फक्त आपल्यालाच भुलवते असं नाही. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिस इथे २१ जाणत्या व्हायोलिनवादकांना स्ट्रॅडिव्हेरियससारखी जुनी, अमूल्य वाद्यं आणि नवी वाद्यं वाजवायला दिली. डोळ्यांवर काळे गॉगल, आणि जुन्या लाकडाचा वास कळू नये म्हणून हनुवटीच्या जागी अत्तराचा थेंब! बहुतेकांनी घरी न्यायला नवं वाद्य पसंत केलं.

आता आमच्या घरची परीक्षा. नियम मुलीने केले. काय वाजतंय ते ऐकणाऱ्याला दिसायचं नाही. क्रम नाण्याने ठरवायचा. ज्याला क्रम माहीत आहे त्याने खोलीत थांबायचं नाही, कारण नुसती भुवई उंचावली तरी उत्तर फुटतं. आणि आवाजाची पातळी मोजून सारखी करायची. किंचित मोठा आवाज कानाला "मोठा" वाटत नाही, "चांगला" वाटतो. प्रत्येक परीक्षा दहा वेळा.

माझी वायर विरुद्ध साधी वायर: दहापैकी सहा बरोबर. मी खूश झालो, तर मुलीने हिशेब मांडला. नुसत्या अंदाजाने सहा किंवा जास्त यायची शक्यता जवळजवळ ३८ टक्के. नऊ आले असते तर गोष्ट वेगळी, ती शक्यता एकच टक्का. मी गप्प.

मग आईचा गंधार. षड्ज २४० हर्ट्झ धरला तर तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा शुद्ध गंधार ३०० वर येतो. कीबोर्डचे बारा स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असतात, त्याचा गंधार ३०२.४ च्या आसपास. षड्जाबरोबर धरला की दोघांचे वरचे स्वरांश एकमेकांना घासतात आणि सेकंदाला नऊ-दहा हेलकावे येतात. हिने दहापैकी दहा ओळखले! हजारात एखाद्या वेळी घडावं असं. मी पुन्हा गप्प.

पण पुढे गंमत झाली. ही म्हणाली, "पंचमही बिघडलेला असतो, तोही ओळखते." पंचमातला फरक अर्ध्या हर्ट्झहूनही कमी. दोन-दोन सेकंदांचे स्वर ऐकवले, दहापैकी पाच बरोबर. आता तीही गप्प! याचा अर्थ पंचमातला फरक कोणालाच कधी कळणार नाही असा नव्हे. स्वर लांबवला तर कदाचित कळेल. त्या दिवशी, त्या परीक्षेत कळला नाही, एवढंच म्हणता येतं.

म्हणून मंडळी, "सगळे मनाचे खेळ" असं म्हणून मोकळं होणाऱ्यांनाही मी सांगतो, जरा थांबा. आपला सिम्फनी हॉल बघा. १९९१ साली उघडलेल्या त्या सभागृहात काँक्रीटची जड दारं उघडून-मिटून नादाची घुमारी बदलता येते, आणि ती ऐकू येते. काही फरक खरे असतात, काही आपण ऐकायच्या आधीच ऐकलेले असतात. आतून मात्र दोन्ही सारखेच खरे वाटतात, आणि फसगत होते ती तिथेच.

श्रुतींचंच पाहा. लंडनमध्ये नझीर जयराजभॉय आणि स्टोन यांनी १९६३ साली गवया-वादकांचे स्वर यंत्राने मोजले, तेव्हा तोच स्वर कलाकारागणिक थोडा हलताना दिसला. त्याने आपलं गाणं लहान झालं का? मला तर वाटतं, मोठंच झालं. गळा आकड्यांच्या पिंजऱ्यात बसत नाही, हे आता मोजून कळलं. देवलांनी मोजायला सुरुवात केली, त्याचं ऋण आहेच.

परदेशात राहून आपण मुलांना सतत सांगतो, आपलं संगीत थोर, आपली परंपरा थोर. मुलं विचारतात, "कशावरून?" तेव्हा "आम्ही सांगतो म्हणून" हे उत्तर इथल्या शाळेत शिकलेल्या पोरांना पुरत नाही, आणि पुरूही नये. माझ्या मुलीने आईचं म्हणणं आज्ञा म्हणून ऐकलं नसतं. दहापैकी दहा पाहिल्यावर तिने आपण होऊन तानपुरा लावून मागितला. कीबोर्डही आहे, शाळेच्या बँडसाठी. कुठे काय चालतं ते तिला आता कळतं.

आणि ती वायर? अजून जोडलेली आहे. काढायला गेलो तर ही म्हणाली, "राहू द्या, पैसे गेलेच आहेत." मधूनमधून तबल्याची थाप मला अजूनही मोकळी वाटते! फक्त आता मी ते कोणाला पटवायला जात नाही.

तुम्हां सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा. बाहेर दोन प्रकारच्या चकल्या ठेवल्या आहेत, एक घरची, एक दुकानातली. कोणती कोणाची ते मी सांगणार नाही. डोळे मिटा आणि सुरू करा!