स्त्रियांचे आरोग्य आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात इंद्रलोक, भाईंदर (पूर्व) येथे दिलेले भाषण)



चिटणीसांनी मजसारख्या सेवानिवृत्त शिक्षकास आज स्त्रियांच्या आरोग्याविषयी बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी मंडळाचा आभारी आहे. मी वैद्य नव्हे. तथापि ज्याने आयुष्यभर मुलांना शिकविले त्याला त्यांच्या मातांची सुखदुःखेही थोडीफार कळतात, तेवढ्याच अधिकाराने मी बोलणार आहे.

‘दुखणे अंगावर काढणे’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत आहे आणि तो बहुधा स्त्रियांच्याच वाट्याला येतो. घरातील कर्त्या पुरुषास ताप आला तर सारे घर जागे होते. गृहिणीला आला तर ती तो अंगावर काढते आणि आपण तिच्या सोशिकपणाची स्तुती करतो. ही स्तुती आपण आता थांबविली पाहिजे, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

स्त्रियांना वैद्यकीय साह्य मिळावे म्हणून आपल्या प्रांतात झालेले प्रयत्न जुने आहेत. १८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि त्याच वर्षी मुंबईत खास स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा रुग्णालय सुरू झाले. पुढे १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात स्त्री-कामगारांच्या प्रसूतिसाह्याच्या विधेयकाचा पुरस्कार केला व १९२९ मध्ये त्याचा कायदा झाला. गरोदर स्त्रीचा भार केवळ तिच्या घराने नव्हे, तर समाजाने व सरकारनेही उचलला पाहिजे, हे तत्त्व तेव्हा येथे रुजले.

आजच्या योजना या तत्त्वाचीच फळे होत. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण, शस्त्रक्रिया करावी लागली तरीसुद्धा, विनामूल्य होते. औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि जाण्यायेण्याचे वाहन हेही फुकट मिळते. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पात्र मातेस पहिल्या अपत्याच्या वेळी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य कन्या असल्यास ६,००० रुपये मिळतात. दरमहा ९ तारखेस सरकारी दवाखान्यांतून गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठराविक उपचार विनामूल्य मिळतात.

या प्रयत्नांना यश आलेले आहे. २००४ ते २००६ या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत असत; २०१८ ते २०२० या काळात ही संख्या ३३ वर आली. राज्यातील शंभरापैकी सुमारे पंच्याण्णव बाळंतपणे आता रुग्णालयात होतात. परंतु त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ च्या पाहणीत, राज्यातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी चौपन्न स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याआधीच्या पाहणीत ही संख्या अठ्ठेचाळीस होती. आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी? तिशी ते पन्नाशीमधील शंभर भारतीय स्त्रियांत जेमतेम दोघींनी ती कधी काळी करून घेतली होती!

या विसंगतीचा अर्थ काय? बाळंतपणाला आपण स्त्रीला रुग्णालयात नेतो, कारण तिच्या पोटी आपला वंश असतो. बाळ घरी आले की तिचा देह पुन्हा तिचा एकटीचा होतो. शाळेत मुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी दिली जाई. कित्येक मुली ती मुठीत लपवून बाहेर टाकीत, कारण ‘गोळीने मळमळते, आम्ही कुठे घेत होतो,’ असे घरच्या वडीलधाऱ्या बायकाच सांगत. गोळी सरकारने शाळेपर्यंत आणली. ओठापासून पोटापर्यंतचा प्रवास घराच्या हाती होता.

कागदपत्रांचेही असेच आहे. मातृवंदनेचे पैसे मातेच्या स्वतःच्या, आधार जोडलेल्या खात्यात येतात. लग्नानंतर सुनेचे नाव शिधापत्रिकेवर चढलेले नाही, बँकेचे खाते माहेरच्या नावावर पडून आहे, अशी उदाहरणे आपल्या ज्ञातीत थोडी नाहीत. लग्नात आहेराच्या याद्या आपण बारकाईने करतो. एवढी एक यादी मात्र राहून जाते.

आपण इंद्रलोकवासी रेल्वेमार्गाच्या पूर्वेस राहतो आणि भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय पश्चिमेस आहे. अंतर फार नाही. परंतु सकाळचा डबा, मुलांची शाळा आणि सासूबाईंचे पथ्य सांभाळून निघू म्हणणाऱ्या गृहिणीस ते फार लांब पडते. त्या दिवशी स्वयंपाक दुसऱ्या कोणी केला पाहिजे, आणि तो पुरुषानेही करावा, यात कमीपणा कसला?

यास्तव मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवास वाणाबरोबर रक्तातील हिमोग्लोबिन तपासण्याची सोय करावी. मंडळाने दोन जाणत्या भगिनी नेमून दरमहा ९ तारखेस गरोदर स्त्रियांना सोबत द्यावी. आणि ज्ञातीत विवाह झाला की तीन महिन्यांच्या आत वधूची शिधापत्रिका, आधार व बँकेचे खाते यांची पूर्तता झाली की नाही, हे कार्यकारिणीने पाहावे. यास फारसा द्रव्यनिधी लागणार नाही. नेटाने काम करणारी चार माणसे लागतील.

भगिनींनो, आपणांसही विनंती की, पुढच्या वेळी कोणी ‘काय होतंय?’ असे विचारले तर ‘काही नाही’ हे उत्तर देऊ नका.