खाडीकाठचा किल्ला आणि तहाचा कागद



किल्ला म्हटला की आपल्याला तोफ आठवते, बुरूज आठवतो. तराजू आणि दप्तर मात्र आठवत नाही. आज या दोन विसरलेल्या वस्तूंविषयी आम्ही बोलणार आहोत. उदाहरण दूरचे नको. ठाण्याचाच किल्ला घेऊ, जेथे आज मध्यवर्ती कारागृह आहे.

हा किल्ला येथेच का? उत्तर खाडीत आहे. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून कल्याणला उतरे आणि गलबतांतून ठाण्यावरून पुढे जाई. ही वाट फार जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो, की कल्याण ही पूर्वी कायदेशीर पेठ होती. पुढे राज्यकर्ता बदलला आणि तेथे आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. व्यापार कोणाच्या बंदरात व्हावा, हा तंटा तेव्हापासूनचा. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि येथे जहाजे बांधावयास घेतली, ती हे मर्म ओळखूनच.

1737 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे जिंकले. इंग्रजांची मुंबई शेजारीच होती. त्यांचा डोळा साष्टीवर होता. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, घर फुटले आणि डिसेंबर 1774 मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला.

खरी गोष्ट येथून पुढे आहे. 1775 मध्ये राघोबादादांनी सुरतेस साष्टी व वसई लिहून दिली. 1776 च्या पुरंदरच्या तहाने सुरतेचा तह बाजूस सारला, पण साष्टी इंग्रजांकडेच ठेवली. 1779 मध्ये वडगावला इंग्रज कोंडीत सापडले. साष्टी परत देण्याचे त्यांनी कबूल केले. सुटका होताच त्यांच्या वरिष्ठांनी तो करारच मानला नाही. अखेर 1782 च्या सालबाईच्या तहात वसई परत आली. ठाणे आले नाही.

म्हणजे वडगावच्या मैदानात जे हाती आले होते, ते कागदावर निसटले. आपण वडगावचा विजय अभिमानाने सांगतो. सालबाईचे कलम कोणी वाचीत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की मुलांना लढाई सांगताना तिच्यामागून आलेला तहही सांगावा. मुलूख तलवारीने मिळतो. तो राखण्यास एकदिल घर आणि जागरूक दप्तर लागते.