गिऱ्हाईक आणि उमेदवार



नल्लकुंट्यातील या शाळेने स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण केले, याबद्दल मी ऋणी आहे. मराठीच्या प्राध्यापकाने संतवाङ्मयावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. मी मात्र माझ्या एका विद्यार्थ्याविषयी बोलणार आहे, आणि त्यात माझा एक कबुलीजबाबही आहे.

मराठी घेऊन एम. ए. झाल्यावर तो निकालपत्र घेऊन माझ्याकडे आला. ‘‘सर, आता पुढे काय?’’ मी म्हणालो, ‘‘बघू, काहीतरी होईल.’’ आम्हां शिक्षकांना हे वाक्य फार सोयीचे असते. वास्तविक उत्तर मला ठाऊक होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातले मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, १९५८ मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले. मराठी शिकविण्याच्या जागा तिकडे. इथे उरल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. एवढे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. तो सुलतान बाजारातील एका कापडदुकानात लागला आणि आठ वर्षे तेथेच राहिला.

दुकान ही काही वाईट शाळा नव्हे. मराठी, तेलुगू, मारवाडी, दखनी बोलणारी माणसे येत. गिऱ्हाईक काय मागते यापेक्षा त्याचा हात कोणत्या ठाणावर रेंगाळतो, हे तो पाहू लागला. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या बापाची ऐपत तो चपलांवरून ओळखी आणि भारी पातळ आधी उलगडून त्याला लाजवीत नसे. पण रात्री दुकान बंद करताना ‘आज आपण काय केले?’ असे मनाशी विचारले, तर उत्तर रुपयांतच येई, असे तो मला म्हणे.

पुढे परीक्षा देऊन तो सरकारी रोजगार खात्यात शिरला आणि काही वर्षांनी उस्मानिया विद्यापीठाच्या रोजगार माहिती व मार्गदर्शन केंद्रात आला. नाव भारदस्त, काम खिडकीचे: नोंदणी आणि नूतनीकरण. महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावे म्हणून १९४५ मध्ये ही सेवा सुरू झाली आणि पुढे सर्वांना खुली झाली. तिचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला तोही १ नोव्हेंबर १९५६ रोजीच, योगायोग म्हणायचा! १९५९ च्या कायद्याने मालकांवर रिकाम्या जागा कळविण्याचे बंधन घातले, परंतु कार्यालयाने पाठविलेलाच उमेदवार घ्यावा, असे बंधन नव्हते. पोरांना मात्र हातातले कार्ड म्हणजे नोकरीचे वचनच वाटे.

प्रारंभी त्याने दुकानाचाच धडा गिरविला: गिऱ्हाईक रिकाम्या हाती जाता कामा नये. एका मुलीला ग्रंथपालनाची ओढ होती. त्याने तिला बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरायला लावला, कारण त्या दिवशी तोच माल हजर होता. दोन वर्षे ती परीक्षांत नापास होत राहिली आणि पुन्हा त्याच खिडकीशी येऊन उभी राहिली. काही बोलली नाही. नापसंत पातळ चार दिवसांत बदलून देता येते. दोन वर्षे कोठून बदलून द्यायची? हे सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. माझे ते वाक्य तो विसरला नसावा.

त्यानंतर त्याने खिडकीपाशी एक खुर्ची आणून ठेवली. अर्ज पुढे करण्याआधी तो माणसाला बसवी, बोलते करी. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केवळ सेवायोजन कार्यालयाकडून नावे मागविणे पुरेसे नाही, जागांची जाहिरातही द्यावी, असा निर्णय दिला. कार्डाचे वजन उतरले. खुर्चीचे मात्र वाढले. अमेरिकेत बोस्टनला १९०८ मध्ये फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय-मार्गदर्शनाचे केंद्र काढले. स्वतःस ओळखावे, व्यवसाय ओळखावेत, मग दोहोंची सांगड घालावी, ही त्यांची पद्धत. त्यांचे पुस्तक याने वाचलेले नव्हते. ठाणे उलगडतानाच त्यातले निम्मे त्याला उमगले होते.

तो निवृत्त होण्याआधी एकदा मी त्या केंद्रात गेलो होतो. नल्लकुंट्याहून विद्यापीठ ते काय लांब! मी कोपऱ्यातल्या बाकावर बसलो. एक मुलगा निकालपत्र घेऊन आला. मराठीच. प्रश्नही तोच.

माझा विद्यार्थी त्याला म्हणाला, ‘‘मराठीची जागा आज इथे एकही नाही. बसा. मराठीखेरीज तुम्हांला आणखी काय काय येते, ते आधी सांगा.’’ आणि त्याने कोरा कागद पुढे ओढला.