दुखऱ्या खांद्याची आणेवारी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाचा भाव सोडून खांद्यावर काय बोलता, असं काहींना वाटेल. पण वेचणीची मजुरी किलोवर मिळते. खांदा धरला की किलो घटतात, आणि ते नुकसान कुठल्या पंचनाम्यात येत नाही.

पाठीवरचा पंप १६ लिटरचा. नुसतं पाणीच १६ किलो, वर एक हात सतत दांडा मारतो. फवारणी संपली की वेचणी, वेचणी झाली की गाठोडं डोक्यावर. मग दंड बाजूने उचलताना कळ येते, त्या कुशीवर झोपवत नाही. बहुतेक वेळा हे दुखणं हाडाचं नसतं. खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे ४ स्नायू आहेत. त्यांना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, दुखावतात. कंडरेला रक्तपुरवठा कमी, म्हणून ती सावकाश बरी होते.

आम्ही शेतकी पदवीवाले, डॉक्टर नव्हे. आम्हीही आधी सांगत होतो, महिनाभर हात हलवू नका. घाटंजीकडच्या एका मायबहिणीने ते ऐकलं. महिनाभराची मजुरी गेली. नंतर पहिलं गाठोडं उचललं आणि पुन्हा तीच कळ. चूक आमची होती. गोऱ्ह्याला कुणी पहिल्याच दिवशी वखराला जुंपत नाही, पण गोठ्यात बांधून ठेवूनही त्याचा बैल होत नाही. कंडरेचं तसंच आहे. ओझं थोडंथोडं वाढवत नेलं तरच ती ताकद धरते.

सुरुवात भिंतीपासून करा. कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात वाकवा, मनगटाची मागची बाजू भिंतीवर दाबा, अर्धा मिनिट धरा. असं ५ वेळा. सोसू लागलं की सायकलची जुनी ट्यूब खांबाला बांधा, कोपर तसंच ठेवून ट्यूब बाहेरच्या बाजूला ओढा. १०-१५ वेळा, ३ फेऱ्या, एक दिवसाआड. ओढताना सावकाश, सोडताना त्याहून सावकाश. त्यानंतर पाण्याची बाटली हातात घेऊन दंड खांद्याच्या उंचीपर्यंत उचला.

दुखणारच. त्याची आणेवारी काढा, आणि ती तलाठ्याने नव्हे, तुम्हीच काढायची. सोळा आण्यांत पाच आणे दुखलं आणि सकाळपर्यंत ओसरलं तर चालू ठेवा. जास्त झालं तर ओझं कमी करा, व्यायाम सोडू नका. १२ आठवडे धीर हवा.

सुईची घाई करू नका. ब्रिटनमध्ये ७०८ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२१ साली छापून आला. स्टिरॉइडच्या सुईने पहिले काही आठवडे थोडा आराम पडला, वर्षभराने फरक उरला नाही. दुसरी गोष्ट आपल्या कामाची: तज्ज्ञाकडे एकदा नीट शिकून घरी व्यायाम करणारे आणि ६ खेपांपर्यंत जाणारे, दोघांनाही जवळपास सारखाच गुण आला. म्हणजे यवतमाळच्या एसटीचं भाडं पुन्हापुन्हा नको.

पण पडल्यावर हात उचलेनासाच झाला, मुंग्या येऊन बधिर झाला, किंवा दुसऱ्याने उचलूनही वर जात नाही, तर दवाखाना गाठा. हात आखडण्याचं हे शेवटचं दुखणं साखरेच्या रोग्यांत जास्त. आणि चालताना डावा खांदा दुखून घाम, धाप आली तर ते खांद्याचं समजू नका, लगेच इस्पितळात न्या.

ट्यूबचे तुकडे आम्ही आणले आहेत. सभा सुटल्यावर बाहेर कडुनिंबाखाली या, मायबहिणी आधी.